जर्मन शेफर्ड राखणीच्या गटात का नाही?

विटेकर:
राम राम मंडळी. विट्याजवळ मळ्यात राहतो, राखणीला पिल्लू घ्यायचंय. नेटवर बघत बसलो तर एफसीआय म्हणून जागतिक संस्था आहे तिनं कुत्र्यांचे 10 गट केलेत, त्यात जर्मन शेफर्ड मेंढ्या हाकणाऱ्यांच्यात, पहिल्या गटात, आणि डॉबरमन, रॉटवायलर दुसऱ्यात. आमच्याकडं तर अल्सेशियन, म्हणजे हाच जर्मन शेफर्ड, राखणीलाच पाळतात की. आणि पामेरियन न् हस्की एकाच गटात?? आकारावरनं नाही तर मग कशावरनं ठरवतात हे? आपलं कारवानी कुत्रं कुठं बसतं?

जतचा_मेंढपाळ:
दादा, ती जात मुळात कुठल्या कामासाठी तयार झाली आणि कुठल्या वंशातली हे बघतात. जर्मन शेफर्ड 1899 पासनं जर्मनीत धनगरी कुत्र्यांतनंच निवडून निवडून जात म्हणून पक्का केला, पोलिसात नंतर गेला. हस्की न् पामेरियन दोन्ही स्पिट्झ, उभे टोकदार कान, दाट केस, पाठीवर वळलेली शेपूट, म्हणून एकत्र. आता कारवानी बघा, लांब पाय, खोल छाती, बारीक कंबर. वास घेत बसत नाही, लांबनं हललेलं दिसलं की सुटतंच. म्हणजे ग्रेहाउंड, सालुकीच्या जोडीचं, नजरेनं शिकार करणारं. हिलाच मुधोळ हाउंड पण म्हणतात. कर्नाटकातलं मुधोळ आपल्यापासनं काय लांब नाही, तिथल्या घोरपडे राजांनी ही जात जपली, 2005 ला तिकीट निघालं पोस्टाचं, 2016 ला लष्करानं मेरठला ट्रेनिंगला नेली. पण मोकळं रान पायजे तिला. साखळीला बांधून मारू नका, हात जोडून सांगतो.

कराडची_ताई:
सगळ्या देशात गट सारखे नसतात बरं का. डॅशहंडला एफसीआयनं स्वतंत्र चौथा गट दिलाय, अमेरिकेत तो हाउंडमधे, म्हणजे शिकारी कुत्र्यांत धरतात. पण गटावरनं स्वभावाचा अंदाज येतो हे खरं. आमचा लॅब, म्हणजे लॅब्रडॉर, आठव्या गटातला, पाण्यात पडलेली शिकार तोंडात अलगद धरून आणायची हे त्याचं मूळ काम, तर प्रीतिसंगमावर नेला की पाण्यातनं बाहेर यायला तयार नाही आणि चप्पल आणून देतो तर दाताची खूण नसते. राखणीला मात्र घेऊ नका दादा, येईल त्याच्यापुढं शेपूट हलवतो.

विटेकर:
ताई, लॅबच घेणार होतो मी! मग डॉबरमन बघू का, का कारवानीच?

जतचा_मेंढपाळ:
मळा मोठा असंल तर कारवानी. परक्याला जवळ येऊ देत नाही. फक्त पिल्लू उचलायच्या आधी त्याची आई बघून या, ती माणसाला कशी वागते ते बघा, वंशावळीचे पेपर मागनं बघा.