मदत हवी आहे: इंग्लंडमधली प्रोबेट फी वाढवायचा अधिकार कायद्यातूनच काढायचा तर खासदाराकडे काय मागावं?

नमस्कार मंडळी,

माझी मावशी गेली. चाळीस वर्षं इथे इंग्लंडमध्ये होती. मृत्युपत्रात एक्झिक्युटर (मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा) म्हणून माझं नाव आहे, त्यामुळे प्रोबेटचा, म्हणजे मिळकतीचा कारभार पाहायच्या कायदेशीर परवानगीचा, अर्ज मीच भरतोय. मे २०२४ पासून फी ३०० पौंड आहे, मिळकत ५,००० पौंडांच्या वर गेली की सगळ्यांना सारखीच. तिच्याबद्दल तक्रार नाही. अर्ज तपासायला खर्च येतोच.

काळजी वेगळीच आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये सरकारने मिळकतीच्या किमतीवर फी ठरवणारा आदेश मांडला होता. ५०,००० पौंडांपर्यंत माफ, २० लाखांच्या वर ६,०००. मावशीचं घर धरून मिळकत पाच ते दहा लाखांत बसते, म्हणजे २,५०० पौंड पडले असते. अर्ज तोच, तपासणारा माणूस तोच! शिवाय ही रक्कम प्रोबेट मिळण्याआधी भरायची, जेव्हा तिची खाती बहुतेक गोठलेली असतात. माझ्यासारख्याने कुठून काढायची?

संसदेने तो आदेश फेटाळला अशी माझी समजूत होती. शोधल्यावर कळलं, तसं झालंच नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये कॉमन्सच्या (संसदेच्या निवडून आलेल्या सभागृहाच्या) समितीत तो ९ विरुद्ध ८ मतांनी पुढे सरकला, पूर्ण सभागृहात मतदानाला आलाच नाही, आणि ऑक्टोबरमध्ये सरकारने नाद सोडला. त्याआधीचा २०१७ चा प्रस्ताव तर २०,००० पौंडांपर्यंतचा होता. तो निवडणूक लागली म्हणून बारगळला. खर्चापेक्षा जास्त फी लावायची मुभा सरकारला देणारं २०१४ च्या कायद्यातलं (Anti-social Behaviour, Crime and Policing Act) कलम १८० मात्र जागेवरच आहे.

मला माझ्या खासदाराला पत्र लिहायचंय. कलमच रद्द करा म्हणावं, की दुसरं काही? कुणी असं पत्र लिहिलंय का?

प्रतिसाद:
दादा, मावशींबद्दल वाचून वाईट वाटलं. अख्खं कलम काढा म्हणू नका. कोर्टातल्या १०,००० ते २,००,००० पौंडांच्या दाव्यांची २०१५ ची ५ टक्के फी त्याच कलमावर उभी आहे, ते उत्पन्न कुठलंच सरकार सहज सोडणार नाही. त्यातून प्रोबेट वगळा, एवढंच मागा. आदेश एकदा मांडला की त्यात खासदारांना दुरुस्ती करता येत नाही, मंजूर नाहीतर नामंजूर. म्हणून आत्ताच बोलायला हवं. लॉर्ड्सच्या (संसदेच्या वरच्या सभागृहाच्या) समितीने २०१८ मध्येच त्या किमतीवरच्या फीला छुपा कर आणि अधिकाराचा गैरवापर ठरवलं होतं, तो अहवाल पत्राला जोडा. आणि मावशींच्या घराचा हिशोब, ३०० विरुद्ध २,५००, पहिल्याच परिच्छेदात घाला.