मदत हवी आहे : आईला घेऊन तीन आठवडे सांतियागो दे कुबाला (हॉटेल नको, गल्ली हवी)

नमस्कार मंडळी,

जुलैत आईसोबत क्युबाला जायचं घाटतंय. आम्ही टोरोंटोला असतो. इथले ओळखीचे सगळे वारादेरोच्या रिसॉर्टला जातात, मनगटाला पट्टा बांधून आठवडाभर लोळतात आणि काळे होऊन परत येतात. मला जायचंय सांतियागोला, पार पूर्वेच्या टोकाला, हवानापासून साडेआठशे किलोमीटरच्या वर.

कारण असं की मी इथल्या पथकात ताशा वाजवते. मध्यंतरी कुणीतरी सांतियागोच्या कोंगाचा, म्हणजे तिथल्या कार्निव्हलच्या ढोलपथकाचा, व्हिडिओ दाखवला. खांद्याला अडकवलेले निमुळते ढोल, चारपाच जण गाडीच्या ब्रेकचे लोखंडी ड्रम सळईनं बडवतायत, आणि त्या सगळ्या गदारोळावर एक पिपाणी अशी काही केकाटते की अंगावर काटा आला. आई आतून म्हणाली, "सनई कोण वाजवतंय गं?" शोधलं तेव्हा कळलं, ती कोर्नेता चीना. १९व्या शतकात मजुरीसाठी आणलेल्या चिन्यांबरोबर क्युबात आलेली. म्हणजे मूळची चिनी सुओनाच. ती आणि आपली सनई एकाच कुळातल्या, तेव्हा आईचा कान चुकला नव्हता.

अडचणी तीन. आई ६८ वर्षांची, गुडघे दुखतात, आणि सांतियागो चढउतारांचं गाव आहे म्हणतात. दुसरं, ती शुद्ध शाकाहारी. तिसरं जरा अवघड आहे. तिथे वीज तासन् तास जाते, दुकानांत माल नाही. अशा गावात "रोजचं आयुष्य बघायला आलो" म्हणून जाणं म्हणजे दुसऱ्याच्या घरची टंचाई बघायला जाणं होईल का? कुणी राहून आलं असेल तर मोकळेपणानं सांगा.

प्रतिसाद १

ताई, मी स्पॅनिश शिकायला तिथे दीड महिना राहिलो होतो. खोली घरातच घ्या. ज्या दारावर नांगरासारखी निळी खूण दिसेल ते घर परदेशी पाहुण्यांना परवानगी असलेलं, त्याला कासा पार्तिकुलार म्हणतात. पैसे थेट त्या घराला मिळतात. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच आहे.

उरलेलं अर्धं मला पावाच्या रांगेत मिळालं. पहिल्या दिवशी गेलो तर रांगच नाही! कोणी पायरीवर, कोणी झाडाखाली, दोघं डॉमिनो खेळतायत. मी आपला सरळ खिडकीशी गेलो आणि जी काही बोलणी खाल्ली! पद्धत अशी आहे: पोचल्यावर मोठ्यांदा विचारायचं, "एल उल्तिमो?" म्हणजे शेवटचा कोण. कोणी हात वर केला की तुमचा नंबर त्याच्यामागे. पण तेवढ्यावर थांबायचं नाही, तो कोणाच्या मागे आहे तेही विचारून ठेवायचं, कारण तो कंटाळून घरी गेला तर तुम्ही लटकलात. मग सावलीत बसा. चौथ्या दिवशी एका आजींनी मला त्यांचा नंबर धरून ठेवायला सांगितला आणि भाजी आणायला गेल्या. त्यानंतर मी पाहुणा राहिलो नाही.

रेशनवरचं मात्र तुम्हाला मिळणार नाही, ते १९६२पासून चालत आलेल्या लिब्रेता नावाच्या कार्डावर असतं. तिथे फक्त बघा.

प्रतिसाद २

पैशांचं: रोख न्या, लहान नोटा. कुक नावाचं जुनं चलन २०२१मध्ये बंद झालं, कोणी ते हातात टेकवलं तर घेऊ नका. चे गेव्हाराचं चित्र असलेली तीन पेसोची नोट "आठवण" म्हणून भलत्या भावाला विकतात, हसून पुढे जा. औषधं पुरेशी घरून न्या, तिथे भरवसा नाही.

प्रतिसाद ३

कोंगा ऐकायचा तर लोस ओयोस या वस्तीत जा. कार्निव्हलचे मुख्य दिवस २५ जुलैच्या आसपास, पण खरी मजा आधीच्या सरावांत. आपल्याकडे गणपतीआधी पुलाखाली पथकांचा सराव चालतो ना, अगदी तसं. एक दिवस लोस ओयोसवाले इतर वस्त्यांमधून मिरवत जातात, त्याला इन्वासियोन म्हणतात, आणि मागे अख्खं गाव पाय घासत चालतं. त्या चालीला शब्द आहे, आरोयार. तुम्ही जरूर घुसा, बंद बूट घालून, फोन घरी ठेवून. काकूंना मात्र एखाद्या दारात खुर्ची मागून बसवा. खुर्ची मिळते, मागायची लाज बाळगू नका.

गुडघ्यांसाठी खोली सेस्पेदेस चौकाजवळ सपाटीवर बघा. तिथून एरेदिया रस्त्यावरचं कासा दे ला त्रोवा, म्हणजे पारंपरिक गाणी ऐकायचं ठिकाण, चालत गाठता येतं.

जेवणाचं सांगते. "मांस नको" म्हटलं की हॅम घालून देतात, कारण त्यांच्या लेखी हॅम म्हणजे मांस नव्हे. भात आणि घेवडा एकत्र शिजवलेला कोंग्री सगळीकडे असतो, पण चरबी आहे का ते विचाराच. युका हा आपल्या साबुदाण्याचाच कंद, उकडून वर लसूण आणि आंबट संत्र्याचा रस. मलांगा चवीला अळकुड्यांच्या जवळची. रताळी, कच्च्या केळ्यांचे काप, उसाचा रस. काकू उपाशी राहणार नाहीत. आणि पपईला हवानाकडे फ्रुता बोंबा म्हणा, "पापाया" या शब्दाला तिकडे भलताच अर्थ आहे!

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. आईला वाचून दाखवलं. पाणी रोज येत नाही हे मी तिला घाबरत घाबरत सांगितलं, तर म्हणाली, "लातूरची आहे मी. २०१६ला रेल्वेनं आलेलं पाणी प्यायलेय." विषय संपला.

आता तिचा प्रश्न : कुकर न्यायचा का?

प्रतिसाद ३

अजिबात नको. २००५-०६ मध्ये सरकारनंच घरोघरी विजेचे कुकर वाटले होते. अर्थात वीज गेली की तो शोभेचा, मग कोळशाची शेगडी निघते. तेव्हा काकूंना म्हणावं, हिंग आणि मेतकूट तेवढं घ्या. मेतकुटाला वीज लागत नाही.