अल्ब्युमिनला जोडलेली इस्ट्रोजेन-क्विनोन: मोजतो आहोत ती रक्तातली की नळीतली?

प्रश्न (पीएच.डी. विद्यार्थिनी, जीवरसायनशास्त्र)

नमस्कार. इस्ट्राडायॉल या इस्ट्रोजेन संप्रेरकापासून शरीरात तयार होणाऱ्या २-हायड्रॉक्सी आणि ४-हायड्रॉक्सी संयुगांचे ऑक्सिडीभवन होऊन क्विनोन ही क्रियाशील संयुगे बनतात आणि ती रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनाच्या ३४ व्या स्थानावरील सिस्टीन या अमिनो आम्लाला सहसंयुज बंधाने जोडली जातात. हे अ‍ॅडक्ट (जोडून बनलेले संयुग) मोजण्यासाठी मी प्लाझ्मातील अल्ब्युमिन वेगळे करते, ट्रिप्सिन या विकराने त्याचे तुकडे करते आणि एलसी-एमएसवर (द्रव क्रोमॅटोग्राफी व वस्तुमान वर्णपटमापन) तपासते. २१ ते ४१ या अमिनो आम्लांचा तुकडा +३ भारासह ८११.७६ या वस्तुमान-भार गुणोत्तराला दिसतो. इस्ट्राडायॉलचे क्विनोन जोडले गेल्यास २८६.१६ डाल्टनची (भार +३ असल्याने गुणोत्तरात तिच्या एक-तृतीयांश) भर पडून शिखर ९०७.१५ च्या जवळ यायला हवे आणि ते तसे येते. अडचण अशी आहे की कोरा नमुना (ज्यात अ‍ॅडक्ट नसावे असा तुलनेचा नमुना) म्हणून घेतलेल्या, बाजारातून आणलेल्या शुद्ध मानवी अल्ब्युमिनमध्येही हेच शिखर लहान प्रमाणात दिसते, आणि अ‍ॅसिटोनने वारंवार धुऊनही ते जात नाही. माझी पद्धत कोठे चुकते आहे?

उत्तर १

पद्धतीपेक्षा कोरा नमुना चुकला आहे, असे मला वाटते. बाजारातील मानवी अल्ब्युमिन बहुधा रक्तदात्यांच्या एकत्र केलेल्या प्लाझ्मातून काढलेले असते; त्या दात्यांच्या शरीरातही इस्ट्रोजेन होतेच, त्यामुळे त्यांचे अ‍ॅडक्ट त्यात आधीपासून असणे स्वाभाविक आहे. धुण्याने केवळ सैल बांधलेले इस्ट्राडायॉल निघून जाते, सहसंयुज बंधाने जोडलेले नाही. यीस्टमध्ये किंवा तांदळात जनुक घालून तयार केलेले रिकॉम्बिनंट अल्ब्युमिन वापरून पाहा.

दुसरे असे की, ९०७.१५ हे एकच शिखर तीन वेगवेगळ्या जोडांचे असू शकते. २,३-क्विनोन कार्बन-१ किंवा कार्बन-४ वर जोडले जाते, तर ३,४-क्विनोन मुख्यतः कार्बन-२ वर, आणि तिघांचे वस्तुमान सारखेच असते. डीएनएमधून प्युरीन (अ‍ॅडेनिन, ग्वानिन हे घटक) गळून पडण्याशी ज्याचा संबंध सर्वाधिक जोडला जातो ते ३,४-क्विनोन असल्यामुळे हा भेद महत्त्वाचा आहे. तैवानमधील संशोधकांनी ट्रायफ्लुरोअ‍ॅसेटिक अ‍ॅनहायड्राइड आणि मिथेनसल्फोनिक आम्ल यांच्या साह्याने हे जोड प्रथिनापासून तोडून जीसी-एमएसवर (वायू क्रोमॅटोग्राफी व वस्तुमान वर्णपटमापन) स्थानानुसार वेगळे मोजले आहेत.

उत्तर २

वरील उत्तराशी सहमत आहे. परंतु रिकॉम्बिनंट अल्ब्युमिनमध्ये शिखर दिसले नाही, म्हणून तुमच्या नमुन्यातील शिखर रक्तातलेच आहे असे सिद्ध होत नाही. मला हा भाग सर्वांत चिंतेचा वाटतो. प्लाझ्मातील मोकळी कॅटेकोल इस्ट्रोजेन (म्हणजे वरची २- व ४-हायड्रॉक्सी संयुगे) हवेतील ऑक्सिजनने नळीतच क्विनोन बनतात आणि शेजारच्या अल्ब्युमिनला चिकटतात, म्हणजे आपण रुग्णाच्या शरीराऐवजी स्वतःच्या हाताळणीचे मोजमाप करतो. यावर चांगली कसोटी अशी: रक्त घेताच त्यात कार्बन-१३ ने चिन्हांकित ४-हायड्रॉक्सीइस्ट्राडायॉल थोडे मिसळावे. शेवटी चिन्हांकित अ‍ॅडक्ट दिसले, तर ते नळीतच तयार झाले हे निश्चित होते. ड्युटेरियम वलयावर असलेले संयुग या कामासाठी घेऊ नये, कारण गंधक जोडला जाताना त्या जागेचे ड्युटेरियमच निघून जाते. रक्त घेताना अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल घालावे आणि नमुने उणे ८० अंशांवर ठेवावेत. उणे २० वर प्लाझ्मा पूर्ण गोठत नाही आणि तेथे अल्ब्युमिनवरील मोकळे सिस्टीन हळूहळू डायसल्फाइड होत राहते.

मूळ २१–४१ तुकड्यातील सिस्टीन असे बदलत असल्यामुळे मोजमाप त्या तुकड्याच्या प्रमाणात देऊ नये. लगतचा ४२ ते ५१ हा तुकडा आधार म्हणून घ्यावा, कारण त्यात सिस्टीन नाही.

उत्तर ३ (स्त्रीरोगतज्ज्ञ)

प्रयोगशाळेबाहेरून एक गोष्ट सांगतो. अल्ब्युमिनचा अर्धायुकाल सुमारे २० दिवसांचा आहे. म्हणून हा आकडा रक्त घेतले त्या दिवसाचा नसून गेल्या काही आठवड्यांचा असतो. तरीही पाळीचा दिवस आणि रजोनिवृत्तीची स्थिती नोंदवलीच पाहिजे. दीर्घ काळाचे चित्र हवे असेल, तर तांबड्या पेशींच्या १२० दिवसांच्या आयुष्यामुळे हिमोग्लोबिन अधिक उपयुक्त ठरू शकते.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. माझे जुने नमुने उणे २० वर होते, आणि त्यांत अ‍ॅस्कॉर्बिक आम्लही नव्हते. ते बाजूला ठेवून, चिन्हांकित संयुगाची कसोटी आधी पार पाडून मगच नवे नमुने घेईन.