अर्धांगवायूनंतर पुन्हा स्वतःचं स्वतः: तुमचे अनुभव लिहा

बाबांच्या मेंदूच्या डाव्या भागात गुठळी अडकली आणि उजवी बाजू लुळी पडली. कपडे घालताना आधी लुळ्या हाताची बाही, काढताना तीच शेवटी, हे ऑक्युपेशनल थेरपिस्टनी शिकवलं होतं. पण घरी आल्यावर आम्हीच घाईघाईने शर्ट चढवायचो. एक दिवस बाबांनी माझा हात बाजूला सारला. पहिल्या बटणालाच चार मिनिटं लागली. काज्यापाशी बटण यायचं, निसटायचं. माझे हात शिवशिवत होते, पण मी दाराशी उभी राहिले. आता रोज तशीच उभी राहते. तुमच्याकडे काय उपयोगी पडलं?

*

माझी वाचा गेली होती. बोललेलं कळायचं, पण ‘पाणी’ म्हणायला जावं तर ‘पेन’ निघायचं. एक ते दहा मात्र ओळीनं म्हणता यायचे! नुसतं ‘तीन’ म्हणा म्हटलं की अडायचे. स्पीच थेरपिस्टनी तिथूनच सुरुवात केली. एक कळकळीची विनंती, आमचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. शब्द वाटेत असतो.

*

आई ताटातलं उजवीकडचं तेवढं जेवायची. आम्हाला वाटलं, भूक मेली. नर्सनी ताट फिरवलं आणि तिनं उरलेलंही संपवलं. नजर चांगली होती, पण मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाल्यामुळे डावीकडे तिचं लक्षच जात नव्हतं. मग आम्ही मुद्दाम तिच्या डाव्या हाताला बसून बोलायला लागलो, पुस्तकाच्या डाव्या कडेला जाड लाल रेघ मारून दिली. रेघ सापडेपर्यंत मान वळवायची, मगच वाचायचं.

*

उठवताना लुळा हात धरून ओढू नका. माझा खांदा तसाच दुखावला आणि दोन महिने व्यायाम बुडाला.

*

सुरुवातीचे महिने सुधारणा झपाट्यानं होते, हे खरंच. पण सहा महिन्यांनंतर काही होत नाही, असं मला तोंडावर सांगितलं गेलं, ते चूक होतं. दीड वर्ष झालंय, फिजिओ चालूच आहे. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना अधू पाय आधी, हे आता मनात घोकावं लागत नाही. परवा रात्री भिंतीचा दांडा धरून एकटा बाथरूमला जाऊन आलो. बायकोला उठवलं नाही. सकाळी सांगितलं तर आधी रागावली, मग म्हणाली, “दिवा तरी लावला होतात ना?”