रेजायनातील रॉक गार्डन : एप्रिलमध्ये उपटावे की थांबावे?

प्रश्न (फोंडा)
नमस्कार. माझी मुलगी कॅनडातील रेजायना येथे राहते. गेल्या वर्षी तिने अंगणात दगड रचून रॉक गार्डन केले आणि त्यात मॉस फ्लॉक्स (जमिनीलगत पसरणारे फुलझाड), सेंपरव्हिव्हम (जाड पानांचे बुटके रोप) व प्रेअरी क्रोकस (वसंतात फुलणारे रानफूल) लावले. आता बर्फ वितळल्यावर तिने फोनवरून दाखवले, तर फ्लॉक्स तपकिरी पडला आहे आणि सेंपरव्हिव्हमची दोन रोपे मुळांसकट वर आली आहेत. ती सगळे उपटून नव्याने लावायचे म्हणते. मी तिला तूर्त थांबवले आहे. जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (म्हापसा, पूर्वी सास्काचेवान, म्हणजे रेजायनाचाच प्रांत)
ताई, थांबवलेत ते उत्तम केलेत. त्या दिवसांत दुपारी माती वितळते आणि रात्री पुन्हा गोठते; गोठताना तिच्यातले पाणी फुगते, माती वर उचलली जाते आणि उथळ मुळांची रोपे तिच्याबरोबर वर येतात. ती बोटांनी हलकेच दाबून बसवावीत व भोवती बारीक खडी पसरावी. फ्लॉक्सची काडी नखाने खरवडून पाहावी. आत हिरवे दिसले तर ती जिवंत आहे. कोरड्या टोकांची छाटणी मेच्या मध्यापर्यंत नको, कारण मे महिन्यातही तिथे रात्री पारा शून्याखाली जातो.

क्रोकसची जागा मात्र रोज पाहायला सांगा. मॅनिटोबाने १९०६ साली प्रांतपुष्प म्हणून स्वीकारलेले हे फूल पानांच्या आधी येते, आणि फिकट जांभळ्या कळीवर रुपेरी लव इतकी दाट असते की सकाळी तिच्यावर दवाचे थेंब नुसते अडकून राहतात. नावात क्रोकस असले तरी ते केशराचे नातलग नव्हे. ते आपल्या मोरवेलीच्या कुळातले आहे.

उत्तर (पेडणे)
मातीकडेही लक्ष द्यावे. रेजायनाची माती भारी चिकण आहे, आणि अशा मातीत ही रोपे थंडीपेक्षा साचलेल्या पाण्याने अधिक मरतात. म्हणून रोपांच्या बुंध्याशी माती नको, खडीच हवी. आमच्या सड्यावर चैत्रात काळा कातळ तेवढा दिसतो, पण फटींतल्या मातीत आमरीचे (रानटी ऑर्किडचे) कंद झोपलेले असतात आणि पावसाळ्यात तेच फुलतात. तेव्हा सुकलेले दिसले म्हणून खणू नये.

प्रश्नकर्ती
आभारी आहे. मुलीने आज काडी खरवडून पाहिली. आत हिरवी आहे. रोपे तिने दाबून बसवली असून शनिवारी ती खडी आणणार आहे.