मदत हवी आहे: बाल्कनीत घरटं, परवा रंगारी येणार, कुठे हलवू?

जाईजुई | मंगळवार, रात्री ९:४०

बाल्कनीत पक्ष्याने घरटं केलंय. सोसायटीचं बाहेरून रंगकाम चालू आहे, परवा आमच्या बाजूला येणार. मुकादम म्हणाला, "ताई, तुम्हीच काढून ठेवा, नाहीतर पोरं काढतील." कुठे हलवू आणि कसं? पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवलं तर चालेल का? ज्यांनी स्वतः हलवलंय त्यांनीच कृपया सांगा. उद्या दिवसभर ऑफिस आहे, जे करायचं ते आज रात्रीच.

टेकडीवाला | ९:५२

कुठला पक्षी? अंडी की पिल्लं? कुठलं गाव? रात्री तर मुळीच हात लावू नका. मादी आत बसलेली असू शकते, अंधारात बिचकून उडाली तर परत यायची नाही.

निळा_डबा | ९:५८

कबुतर असेल तर दयामाया नको. आम्ही नायलॉनची जाळी बसवली, तेव्हा कुठे सुटलो. रंगकामासोबतच बसवून घ्या, परांची परत बांधावी लागत नाही.

जाईजुई | १०:०५

कबुतर नाही हो! चिमणीपेक्षाही लहान आहे. कपडे वाळत घालायच्या तारेच्या टोकाला लोंबतंय. पहिले आठ दिवस मला कचराच अडकलाय असं वाटत होतं. वाळकी पानं, सालपटं, कोळ्याची जाळी, खाली एक लांब शेपूट. बाजूला भोक, त्यावर छोटीशी पडवी. कोथरूड, तिसरा मजला.

मोगरा७१ | १०:११

फुलटोच्या असणार. आमच्याकडे रत्नागिरीला असतात.

टेकडीवाला | १०:१६

नाही. फुलटोच्याचं घरटं गुळगुळीत, बटव्यासारखं असतं आणि चोच आखूड. पडवी आणि खाली लोंबणारं शेपूट म्हणजे शिंजीर, सूर्यपक्षी. जाईजुई, चोच बाकदार आहे का? मादीचा गळा पांढुरका आणि पोट पिवळं, की गळ्यापासूनच पिवळी?

जाईजुई | १०:२०

बाकदार, हो. गळा पांढुरका. पण नाव काही का असेना, हलवू कुठे ते सांगा ना!

करवंटी | १०:२४

मी सांगतो. नारळाची अर्धी करवंटी घ्या, तीन भोकं पाडा, काथ्याने टांगा, घरटं अलगद आत ठेवा. बुलबुलाचं खाली पडलेलं घरटं मी असंच वाचवलंय. दोन्ही पिल्लं उडाली.

पाणवठा | १०:३१

बुलबुलाचं घरटं वाटीसारखं असतं, करवंटीत बसतं. हे लोंबणारं आहे. तारेवरून काढताना कोळिष्टकांची वीण तुटली की सगळं सुटं होतं. शिवाय पडलेलं घरटं त्याच जागी परत टांगणं वेगळं आणि नीट असलेलं उचलणं वेगळं.

मोगरा७१ | १०:३४

आणि माणसाचा हात लागला की वासाने आई पिल्लं टाकते. आमची आजी घरट्याजवळ जाऊच द्यायची नाही.

करवंटी | १०:३७

वासाचं काही नसतं हो. या पक्ष्यांचं सगळं नजरेवर आणि जागेवर चालतं. मी हाताने उचलून पिल्लं परत ठेवलीत, आई दहा मिनिटांत अळी घेऊन हजर.

टेकडीवाला | १०:४५

वासाबद्दल करवंटींचं बरोबर आहे, पण आजींचा नियमही पाळाच. नुसती अंडी असताना वावर वाढला तर मादी खरंच सोडून जाते. आणि जागेवर चालतं म्हणूनच घरटं हलवू नये. आई तारेच्या त्याच टोकाला येणार. तिथे नसेल तर खोक्यात शोधणार नाही.

अंडी साधारण दोन असतात, दोन आठवड्यांनी फुटतात, पुढे अडीच आठवड्यांत पिल्लं उडतात. जाईजुई, दुसऱ्यांदा विचारतो, आत काय आहे? घरट्यात बोट घालू नका. सकाळी दाराच्या काचेआडून पाहा.

कायदेशीर | १०:५२

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच पक्ष्यांच्या अंड्यांना, घरट्यांना धक्का लावणं येतं. मुकादमाला हे सांगा. सोसायटीला लेखी द्या.

पानोपानी | ११:०३

इथे जाणकार जमलेच आहेत तर विचारते. माझ्या कढीपत्त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखे ठिपके दिसले. पुसायला गेले तर हलले! अळ्या आहेत. कडुनिंबाचं तेल मारू का?

पाणवठा | ११:०९

अजिबात मारू नका! लिंबाळी फुलपाखराच्या असतील. लहानपणी विष्ठेसारख्या दिसतात म्हणून पक्षी टाळतात, मोठ्या झाल्या की हिरव्यागार होतात. डिवचलं तर डोक्यामागून लालसर दुभंगलेलं शिंग काढतात आणि उग्र वास सोडतात. नीलवंत, आपलं राज्य फुलपाखरू, तेही लिंबाच्या जातीच्या झाडांवरच वाढतं. कढीपत्ता परत फुटतो.

पानोपानी | ११:१२

पण झाड हातभरच आहे, सहा अळ्या आहेत.

जाईजुई | बुधवार, सकाळी ७:१५

पाहिलं. भोकातून दोन चोची बाहेर आलेल्या, कडेला पिवळ्या. आई आली की दोघांच्या मानाच बाहेर. डोळे उघडे, डोक्यावर पिसं आहेत. नर एकदाच दिसला, उन्हात मान वळवली तेव्हा डोकं हिरवं चमकलं. आई रात्री आत नव्हती.

पण आता फेऱ्या कमी झाल्यात. काल सकाळी सारखी ये-जा होती, आज अर्ध्या तासात दोनदाच आली.

टेकडीवाला | ७:२२

बाहेर परांचीवर हिरवी जाळी लावलीय का?

जाईजुई | ७:२४

हो, काल दुपारी लावली. त्याचं काय?

टेकडीवाला | ७:२९

हे आधी सांगायला हवं होतं! रंगाच्या आधी जाळीनेच पिल्लं मरतील. आईला आत यायला वाटच उरली नसेल, कुठल्या तरी फटीतून घुसत असेल. ऑफिसला जायच्या आधी मुकादमाला गाठा. बाल्कनीसमोरची जाळी दोन हात तरी गुंडाळून वर बांधायला लावा. पिल्लं मोठी आहेत, चार-सहा दिवसांचा प्रश्न आहे. आणि कोणालाही जवळ जाऊ देऊ नका. या वयात घाबरली की वेळेआधीच उडी मारतात, ती तीन मजले खाली.

करवंटी | ७:४०

खाली साडी ताणून बांधा. आणि चमच्याने साखरपाणी द्या.

पाणवठा | ७:४३

साखरपाणी नको! पिल्लांना आई कोळी आणि किडे भरवते. चमच्याने पाजलेलं पाणी श्वासनलिकेत जातं. साडी चालेल, पण पिल्लांना दिसेल अशी फडफडती नको.

जाईजुई | रात्री ८:५०

ऑफिसला अर्धा दिवस सुट्टी टाकली. मुकादमाला दाराच्या काचेआडून चोची दाखवल्या. तो बराच वेळ पाहत राहिला. मग स्वतः परांचीवर चढून सुतळीने जाळी वर बांधली. आधी मागची बाजू रंगवणार, आमच्या उभ्या रांगेतल्या बाल्कन्या सोमवारी. भिंती धुवायचा पाण्याचा फवारा इथे मारणार नाहीत. जाळी सुटल्यावर पाऊण तासात आई नऊ वेळा आली, मोजलं.

मोगरा७१ | ९:०५

छान वाटलं वाचून.

जाईजुई | शनिवार, सकाळी ६:५५

एक उडालं! आत्ता तारेवरच्या चिमट्याशेजारी बसलंय, शेपूट जेमतेम नखाएवढं. आई समोरच्या सोनमोहरावरून हाका मारतेय. दुसरं अजून आतच आहे, फक्त चोच दिसते. त्याला किती वेळ लागेल? दार उघडू की नको? कपडे मशीनमध्येच पडलेत.

टेकडीवाला | ७:०१

दार उघडू नका. कपडे घरात वाळवा.