विषय: ज्येष्ठांसाठी विरंगुळा गट (एक दुरुस्ती)

नमस्कार मंडळी,

'ज्येष्ठांसाठी विरंगुळा गट' काढायचा आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीचा विचार वाचला. भावना पोचली. पण विरंगुळा माझ्याकडे रग्गड आहे, व्हॉट्सॲपवर तर उतू चाललाय. मला काम हवंय.

तीन वर्षं मी दर मंगळवारी इथे इंग्लंडातल्या प्राथमिक शाळेत मुलांचं वाचन ऐकायला जाते. ओढलं शेजारणीने. ती ऐंशी ओलांडलेली, हॉस्पिटलात रॉयल व्हॉलंटरी सर्व्हिसच्या चहाच्या काउंटरवर उभी असते. (ही स्वयंसेवकांची संस्था 1938 ची, हवाई हल्ल्यांच्या तयारीसाठी बायकांनी उभारलेली.) माझं काम एवढंच: पोर वाचतं, मी शेजारी बसते. अडलं तरी लगेच शब्द सांगायचा नाही. हे जमायला महिना गेला. दुसऱ्याचं वाक्य आपणच पुरं करायची सवय ना! एक मुलगा 'नाइट'मधला (knight) मुका 'के' ठणकावून म्हणायचा, 'क्नाइट'. मीही शाळेत असताना तसंच म्हणायचे, असं सांगितल्यापासून तो माझंच टेबल धरतो. मध्ये दाढ काढायची म्हणून एक मंगळवार बुडला, तर पुढच्या खेपेला त्याने जाब विचारला, "कुठे होतीस?" घरी मला हे कुणी विचारत नाही. घरी मी असतेच.

मंडळात मात्र आम्हाला पहिल्या रांगेत बसवून शाल देता. माझ्या चार झाल्या. हॉलची किल्ली काही कुणी देत नाही.

– लायब्ररीवाल्या काकू

---

काकू, शाली परत घेणार नाही :)

रविवारच्या मराठी शाळेत मुळाक्षरांच्या गटाला मदतनीस हवेच आहेत. मुलांबरोबर काम म्हणजे डीबीएस तपासणी (आधीचे गुन्हे आहेत का ते बघणारी सरकारी तपासणी) आली, पण स्वयंसेवकांना तिची सरकारी फी नाही. आणि ज्येष्ठांचा फुकट बसपास एरवी सकाळी 9.30 नंतर चालत असला तरी शनिवार-रविवारी दिवसभर चालतो. तेव्हा उशिराला ती सबब नको!

– मराठी शाळा समन्वयक

---

माझे बाबा साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आलेत. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त. इथे दिवसभर खिडकीत उभे राहून बसेस मोजतात. शनिवारच्या रिपेअर कॅफेत टोस्टर, दिवे दुरुस्त करायला गेले तर व्हिसाची भानगड नाही ना होणार?

– नवा सभासद

---

व्हिजिटर व्हिसावर चालतं, पण संस्था नोंदणीकृत धर्मादाय हवी, येण्याचं मुख्य कारण स्वयंसेवा नको आणि एकूण 30 दिवसांच्या वर जायचं नाही. पैसे अर्थातच नाहीत. कॅफे चालवणाऱ्यांची नोंदणी आधी विचारून घ्या. तारखा डायरीत लिहून ठेवा.

– सचिव

---

जरा खडा टाकते. माझ्या सासूबाई आठवड्याचे पाच दिवस दोन नातवंडं सांभाळतात. त्यांना रविवारीही खुर्च्या मांडायला बोलावणार असाल तर आधी त्यांना विचारा, मला नको.

– एक सून

---

सूनबाईंचं बरोबर आहे. विचारावं, आणि त्या 'नाही' म्हणाल्या तर वाईट वाटून घेऊ नये.

सचिवसाहेब, या रविवारी शाळा मी उघडते. किल्ली कुणाकडून घेऊ?

– ला. काकू